डेऱ्यातली दुपार

आमच्या इमारतीत कुणाचा डेरा बिघडला की लोक पालिकेला फोन करत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर येऊन आमची बेल वाजवतात. "मालनकाकू आहेत का?" दार मी उघडलं तरी मला ओलांडून आत बघतात. मी माती-वाचन केंद्रात नोकरी करते. त्या विषयातली माझी पदवी भिंतीवर टांगलेली आहे, दारातून दिसतेसुद्धा. पण विरजण द्यायचं ते माझ्या सासूबाईंनीच.

सांगलीतली ओल्या कचऱ्याची गाडी बंद होऊन चार वर्षं झाली. आता प्रत्येक घराच्या गॅलरीत एक मोठ्या पोटाचा डेरा असतो, कुंभाराकडचा, साधा मातीचा. त्यात ओंजळभर जिवंत माती घातली की काम सुरू. साली, देठं, चहाचा चोथा, ताटातला उरला घास, शिवाय हल्ली निघालेल्या त्या पातळ पिशव्या, सगळ्याची पाच-सहा दिवसांत काळी, भुसभुशीत माती होते. या जिवंत मातीला पालिकेच्या कागदावर लांबलचक नाव आहे. गावानं तिला विरजण म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं.

विरजणाचे नियम सासूबाईंनी केले. द्यायचं ते सकाळी; दिवेलागण झाल्यावर मागायला आलेल्याला चहा मिळतो, विरजण नाही. घेणाऱ्यानं वाटी रिकामी आणायची नाही, आपल्या घरची एक तरी साल तिच्यात ठेवायची. "त्याला नव्या घराची चव कळू दे की आधी," त्या म्हणतात. आमच्या केंद्राचे बेडगे सर हेच सांगायला पाऊण तास घेतात, पडद्यावर चित्रं दाखवून.

बाकी घरातही त्यांचंच राज्य. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. माझ्या लेकीचे, जुईचे, लंगोट रिठ्याच्या पाण्यात. लिफ्टला त्या हात लावत नाहीत; "मी काय पोतं आहे, वर ओढून घ्यायला?" आणि मी चुकून पंखा चालू ठेवून खोलीतून बाहेर पडले की मागून आवाज येतोच, "तनू, भिंतीला उकडतंय का गं?"

अशा बाईंचं विरजण लागलं नाही, म्हणजे केवढी गोष्ट!

ते सांगायला आल्या मुजावर भाभी. महिन्यापूर्वी आमच्या समोरच्या घरात राहायला आलेल्या, घरीच शिवणकाम करणाऱ्या, बोलायला मोकळ्या. त्या सकाळी मात्र दारातच घुटमळल्या.

"काकू, राग मानू नका हां. तीन आठवडे झाले. मी सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. केळ्याची साल पण ठेवली होती वाटीत. पण ते आंबट वास मारतंय, आणि चोथा तसाच्या तसा."

"पाणी जास्त झालं असेल."

"नाही हो. माती मुठीत दाबून बघते मी रोज."

 मी जुईला मऊ भात भरवत होते. एक घास तोंडात, एक कपाळावर, असं आमचं चाललेलं. मी सहज म्हणाले, "आई, आपला डेराही हल्ली सुस्तच आहे की. थोडी माती द्या, मी केंद्रात वाचून आणते."

"माझ्या डेऱ्याला कुणी हात लावायचा नाही."

इतक्या जोरात की जुई घास तोंडात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांनीच आवाज खाली आणला. "उन्हाळा आहे. होईल ठीक." आणि आत निघून गेल्या. भाभींनी माझ्याकडे पाहिलं, मी भाभींकडे. सासूबाई असं बोलत नाहीत. त्या टोमणा मारतात, ओरडत नाहीत.

चार दिवसांनी भाभींनी त्यांच्या डेऱ्यातली माती स्वतःच केंद्राच्या खिडकीत नेऊन दिली. मला त्याचा पत्ता नव्हता.

माती वाचतात म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं.

जिवाणूंना एक जुनी सवय असते. एखाद्या विषाणूनं हल्ला केला आणि त्यातून ते वाचले, की त्या विषाणूचा बारीकसा तुकडा ते आपल्या गुणसूत्रात खोचून ठेवतात. पुन्हा तोच आला तर ओळखता यावा म्हणून. नवा तुकडा नेहमी आधीच्याच्या पुढे, ओळीनं. शास्त्रज्ञांनी याच सवयीला वळण लावलं. आमच्या विरजणातले जिवाणू विषाणूऐवजी डेऱ्यात पडलेल्या पदार्थांच्या खुणा खोचतात. मेथीची एक खूण, साबणाची एक, रंगाची एक. पहाटे डेरा गार पडला की ते एक कोरी खूण घालतात. ती दिवसाची रेघ. अशी रेघांनी आखलेली रोजनिशी प्रत्येक चिमूटभर मातीत असते. यंत्रात घातली की अर्ध्या दिवसात तिची पानं उलगडतात.

हे केलं ते नदीसाठी. डेऱ्यांची माती पुढे मळ्यांत जाते, तिथून पाण्यात. तिच्यात औषधं किंवा रसायनं असतील तर कळायला हवं. कुणाच्या घरात काय शिजलं याच्याशी केंद्राला देणंघेणं नाही. म्हणून नमुन्यावर नाव नसतं, फक्त आकडा. आणि एक नियम आहे: वाचताना घर ओळखू आलं, तर तिथेच थांबायचं आणि नमुना दुसऱ्याकडे द्यायचा. तो नियम लिहिणाऱ्या समितीत मीही होते.

त्या मंगळवारी साडेअकरा वाजता माझ्या टेबलावर एक नमुना उलगडला. वरची पंचवीस पानं नवख्या घराची होती, मटणाचा रस्सा, पुदिना, शिवणाच्या दोऱ्याची तुसं. त्याखाली अचानक घर बदललं. विरजण दिलं की त्याबरोबर त्याची आठवणही जाते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं; प्रत्यक्षात इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. मी मागे मागे जात राहिले.

अकरा महिने मागे ओळीनं आळीव लागले. आळीव, डिंक, खसखस, शेपू. मग आळीव, बाळंतशेपा, पुन्हा शेपू. कुणीतरी बाळंतीण होती त्या घरात. तिला शेपू आवडत नसावा, कारण रोज पानातला थोडा डेऱ्यात गेलेला दिसत होता. मला हसू आलं. मग एका दिवशी ढीगभर घुगऱ्यांची टरफलं आणि झेंडूच्या पाकळ्या. बारसं.

माझं हसू तिथेच थांबलं. शेपू मलाही आवडत नाही. बारशाची तारीख मी रेघा मोजून काढली. जुईच्या बारशाची.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, हे कबूल करते. कुठली बाई थांबली असती? माझं बाळंतपण समोर मातीत लिहिलेलं होतं. ज्या दुपारी मी रडत होते आणि कुणी काही विचारलं नाही, फक्त खिरीची वाटी पुढे आली, त्या दुपारची खसखस तिथे होती. मी पान पान पुढे येत गेले. जुईचा पहिला वरणभात आला. मी कामावर रुजू झाले तो सोमवार आला.

त्याच आठवड्याच्या बुधवारपासून एक नवी खूण सुरू झाली. रोज एक, दुपारच्या सालींच्या बरोबरीनं, एकही खाडा नाही. भाभींनी विरजण नेलं त्या सकाळपर्यंत.

आमच्या यादीत औषधांची सहा कुळं आहेत. ही खूण फिटच्या गोळीची होती.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई भाजी बाजारात कोसळल्या होत्या. मिरगीचं निदान झालं, दिवसाला तीन गोळ्या सुरू झाल्या आणि पुन्हा काही झालं नाही. माझा नवरा शंतनू दर रविवारी एकवीस खणांची डबी भरून ठेवतो, रोज रात्री रिकामे खण बघतो. खण नेहमी रिकामे असत. गेले पाच महिने दुपारची गोळी डेऱ्यात जात होती. आणि गेले पाच महिने दुपारी जुई त्यांच्या मांडीवर होती.

माती का सुस्तावली तेही आता कळलं. जिवाणू गोळीनं मरत नाहीत. पण न पचणारी गोष्ट रोज समोर आली की तिची खूण कोरण्यातच त्यांची ताकद जाते, चोथा पचवायला उरत नाही. बिचारे लिहून लिहून दमले होते.

मी पर्स उचलली. बेडगे सरांनी विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?" काय उत्तर दिलं आठवत नाही. विजेच्या बसमध्ये बसल्यावर घरी फोन लावावासा वाटला, पण लावला नाही. फोन वाजला की त्या उठणार. जुईला घेऊन उठल्या तर?

लॅच उघडून आत गेले तेव्हा दोन वाजायला आले होते. हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला सारलेल्या. मधोमध जमिनीवर दोन गाद्या, कडेनं उशा, लोड, गुंडाळलेलं पांघरूण, छोटा किल्लाच. त्यात सासूबाई मांडी घालून बसलेल्या, डोळ्यांवर ओला रुमाल दाबून. तोंडात बडीशेप. जुई त्यांच्या पायाशी डब्याचं झाकण आपटत होती. गॅसची मुख्य कळ बंद, गॅलरीच्या दाराला कडी.

पाच महिने मी सहाला घरी येत होते. तेव्हा खुर्च्या जागच्या जागी असत.

"तू? या वेळेला?" त्यांनी रुमाल खाली केला.

मी जुईला उचललं आणि उभी राहिले. खूप बोलायचं ठरवलं होतं बसमध्ये. तोंडातून एवढंच आलं, "आई, दुपारची गोळी कुठंय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग डेऱ्याच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि किंचित हसून म्हणाल्या, "चहाडखोर मेला."

मला रागानं रडू फुटलं. "हसू नका! तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? ही तुमच्या हातात असती म्हणजे?"

"म्हणून तर बसते ना खाली. बारा वाजल्यापासून मी तिला घेऊन उभी राहत नाही. एक दिवस नाही."

"पण का?"

"झोप येते गं त्यानं." त्यांचा आवाज बारीक झाला. "झोप कसली, सकाळच्या गोळीची गुंगी ओल्या रुमालानं हटते, पण ही वर घेतली की कुणी डोक्यावर घोंगडं टाकल्यासारखं होतं. तू कामाला गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा डोळा लागला. आवाजानं जाग आली तर ही पालथी, नाक गादीत. सहा महिन्यांचं पोर. तू आठवडा नाही झाला गेलीस, आणि मी तुला काय सांगू? तू पुन्हा घरी बसली असतीस."

आणि मी बसलेच असते.

"सांगायचं होतं डॉक्टरांना तरी."

"ते शंतनूला सांगणार. तो पाळणाघर बघणार."

"आणि डेऱ्यात का? खिडकीतून टाकायची, बेसिनमध्ये टाकायची!"

त्यांना ते फार लागलं. ताठ बसल्या. "बेसिनमध्ये? तूच खालच्या अंगणात सगळ्यांना बसवून सांगितलंस ना, औषध मोरीत गेलं की नदीत जातं, मासे झिंगतात म्हणून? डेरा सगळं पचवतो असंही तूच सांगितलंस."

खोटं वागायचं, तेही नदी सांभाळून!  मी त्यांच्या किल्ल्यात खाली बसले. जुई दोघींच्या मधे रांगू लागली. तिला उशीच्या कडेनं आत वळवत त्या म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलंय. गेल्या महिन्यात एकदा हातातला चमचा खाली पडलेला दिसला. कधी पडला ते आठवत नाही. दोन मिनिटं असतील. जुई इथंच होती, खेळत."

मी जुईला मांडीवर ओढून घेतलं. 

"आता तू तिला माझ्याकडे ठेवणार नाहीस," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. मी 'असं काही नाही' म्हणू शकले नाही. ते खरं नव्हतं.

शंतनूला मी संध्याकाळी सगळं सांगितलं, त्यांच्यासमोरच. त्यांच्या पाठीमागे सांगणं मला जमलं नसतं. तो आधी पांढरा पडला, मग आईवर चिडला, मग स्वतःवर. "रोज खण बघतो मी! फक्त खण बघतो!" शेवटी म्हणाला, "उद्यापासून पाळणाघर. विषय संपला." सासूबाई भाकरी थापत होत्या. थापणं थांबलं नाही, फक्त ती भाकरी फार पातळ झाली आणि फाटली.

"उद्या डॉक्टर," मी म्हणाले. "पाळणाघराचं परवा बोलू."

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना लहान मुलीला रागवावं तसं रागावलं. झोप येते हे आधी सांगितलं असतं तर औषध पाच महिन्यांपूर्वीच बदललं असतं, म्हणाल्या. आता नवी गोळी, हळूहळू विरघळणारी, रात्री एकदाच. पण जुनी एकदम बंद करायची नाही. सहा आठवडे दोन्ही चालतील, दुपारची झोप येईल, ती घ्यायची. "आणि या सहा आठवड्यांत बाळाला घेऊन उभं राहायचं नाही. दुपारी दुसरं कुणीतरी घरात हवंच. नंतरही शेजारी कुणाला तरी माहीत असू दे."

परत येताना सासूबाई घरात न शिरता समोर गेल्या. भाभींचं मशीन चालू होतं.

"मुजावर भाभी, तुमचं काही चुकलं नव्हतं. माझ्या डेऱ्यात मी गोळ्या टाकत होते. विरजण तिथंच बिघडलेलं. सगळ्या इमारतीत सांगितलंत तरी चालेल."

असं त्या कधी कुणाला बोलल्या असतील असं मला वाटत नाही. भाभींनी मशीन थांबवलं. "इमारतीला काय करायचंय, काकू? कसल्या गोळ्या ते सांगा मला." आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "माझं दार दुपारी उघडं असतंच. पाय मशीनवर, कान तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी बेडगे सरांपुढे उभी राहिले. घर ओळखूनही वाचत राहिले, हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नियम तूच लिहिलास, तन्वी."

"हो सर."

"मी असतो तर थांबलो असतो की नाही, माहीत नाही. पण वाचनाच्या टेबलावर तुला ठेवता येणार नाही. सहा आठवडे खिडकीवर बस, नमुने घ्यायला. सकाळी सात ते एक."

शिक्षा देताना त्यांनी वेळ मुद्दाम अशी दिली का, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी वाचू नयेत, हे मला नुकतंच कळलं होतं. शंतनूनं कामावर उशिरा जायचं ठरवलं. सकाळ तो सांभाळणार, दुपार मी. पाळणाघराचा कागद त्यानं घडी करून ठेवला. टाकला नाही, भरलाही नाही.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. दीडला मी घरी. सासूबाई गोळी माझ्यासमोर घेत आणि जीभ काढून दाखवत, "बघ, गिळली. बघून घे नीट, पोलीस." गादीवर आडव्या होत. पहिल्या दिवशी तर डोळे मिटायलाच तयार नव्हत्या. पापण्या जड होऊन खाली येत, पुन्हा उघडत.

"तू आहेस ना?"

"आहे."

"जुईची टोपी…"

"घातली. झोपा आई."

पाच महिन्यांची झोप साठली होती त्या चेहऱ्यावर. ती उतरायला लागली की त्यांचं तोंड किंचित उघडं पडे, आणि त्या माझ्या सासूबाई न राहता कुणाची तरी दमलेली मुलगी दिसत. जुई त्यांच्या पदराचं टोक चोखत शेजारी झोपून जाई. मी दोघींच्या उशाशी बसून राही. या बाईनं माझ्या नोकरीसाठी स्वतःची झोप, स्वतःचा जीव रोज एका चिमटीत धरून डेऱ्यात टाकला होता. राग पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. चमचा आठवला की अजून जुईला चाचपून बघते. पण रागाला बसायला त्या खोलीत फारशी जागा उरली नव्हती.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दुपारची धरून जुन्या सगळ्या गोळ्या बंद. झोप नाही, झटका नाही, काही विसरणं नाही. "गॅसजवळ आणि जिन्यावर बाळाला घेऊ नका. बाकी तुम्ही आजी आहात, आजीसारखं वागा."

त्या रात्री शंतनूनं विचारलं, "तुझं काय म्हणणं?" निर्णय त्यानं माझ्यावर सोडला होता, आणि तो माझाच होता.

सोमवारी मी वाचनाच्या टेबलावर परत रुजू होणार होते. सकाळी जुईला घेऊन हॉलमध्ये आले. समोर भाभींचं दार उघडं होतं. सासूबाईंनी मला पाहिलं आणि सवयीनं खाली बसू लागल्या. एक हात जमिनीला टेकवला, दुसरा पुढे केला.

"खाली नको," मी म्हणाले. "उभ्यानं घ्या."

त्या अर्ध्या वाकलेल्याच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, खरंच म्हणतेय का ते बघायला. मग गुडघ्यावर हात ठेवून सावकाश सरळ झाल्या, पदर खोचला, आणि दोन्ही हात पुढे केले. जुई झेपावली. तिला कडेवर घेऊन त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, पाय जरा फाकवून, होडीत उभं राहावं तशा.

"जड झालीय गं ही," त्या म्हणाल्या, आणि जुईच्या मानेत तोंड लपवलं.